दोनशे सतरा नंबरचा बिल्ला

कॉफीच्या आधी त्यांनी टेबलावर हमीदचाचा आणून ठेवले.

खोटं नाही सांगत. काउंटरवरची पोरगी हसत आली, एक पितळी बिल्ला माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाली, "मॅम, हा तुमचा ऑर्डर नंबर. कॉफी आली की परत घेऊ." रुपयापेक्षा जरा मोठा, वर भोक, मधोमध ठोकलेले आकडे. दोन, एक, सात. साताची शेपटी दोनदा उमटलेली, कारण ठोकताना माझ्या बापाचा हात घसरला होता. तो बिल्ला मी हजारांत ओळखला असता. ओळखलाच.

माझी भाची समोर बसली होती, मोबाइल उंच धरून. तिनंच आणलं होतं मला. "आत्या, तुमची जुनी लाइन किती भारी झाली पाह्य तर खरी! नागपूरहून लोक येऊन राह्यले." मी एसटीत कंडक्टर, गडचिरोली आगाराची. भामरागडच्या गाडीवर उभ्या आयुष्यात इतकं ओरडले आहे की माझा आवाज पार शेवटच्या सीटवर पोचतो. पण त्या वेळी मी नुसती त्या बिल्ल्यावर बोट फिरवत बसले.

पाटीवर लिहिलं होतं: बत्तीघर. खाणं, गाणं, कला.

अरे, बत्तीघर म्हणजे काय हे तरी कोणाला ठाऊक होतं का त्यांच्यात? कोळशाच्या खदानीत उतरणाऱ्या माणसाला डोक्यावर लावायची बत्ती जिथून मिळते ते बत्तीघर. माझा बाप तिथं बत्तीवाला होता. ज्या लोखंडी मांडण्यांवर चार्जिंगला लावलेल्या बत्त्या ओळीनं मिणमिणत असायच्या, त्याच मांडण्यांवर आता दारूच्या बाटल्या ओळीनं उभ्या. पिवळे दिवे सोडले आहेत खालून. दाराशी टोपल्यात खदान-मजुरांची हेल्मेटं ठेवली आहेत, फोटो काढायला. गालाला लावायला काळा रंगसुद्धा आहे, डबीत. ताडोब्यात वाघ पाहून झालेली माणसं जिपांतून येतात, गालावर काळं फासतात, हसतात आणि पुसून टाकतात. आमच्या लाइनीतल्या, खदान-मजुरांच्या चाळीतल्या, बायांनी नवऱ्याच्या पाठीवरचं ते काळं काढायला आयुष्यभर दगड घासला, तरी जायचं नाही.

अंगाची लाही लाही झाली माझ्या.

आमच्या घरात बाप यायच्या आधी त्याचा वास यायचा. अॅसिडचा. बत्तीच्या बॅटऱ्यांत भरायचं ते अॅसिड उडून त्याच्या सगळ्या शर्टांना भोकं पडलेली, बारीक बारीक, चाळणीसारखी. माय थिगळं लावायची आणि बडबडायची, "माह्या नवऱ्याचा शर्ट नाई, पोहे चाळाची चाळणी होय." थंडीत मी त्याच्या पोटाशी झोपायची तेव्हा तो आंबूस, नाकाला झोंबणारा वास मला उबेचा वाटायचा. अजूनही डेपोत बसची बॅटरी उघडली की मी दोन पावलं जवळ जाते. मेकॅनिक म्हणतो, बाई, सरका, अंगावर उडेल. मी सरकत नाही.

आणि धूर. घरोघरी कोळशाच्या शेगड्या, पहाटे सगळ्या लाइनीबाहेर पेटवून ठेवलेल्या. धूर सरेपर्यंत कोणी शेगडी आत न्यायची नाही हा लाइनीचा कायदा. इरई नदीकडून वारा आला की तो धूर कोपऱ्यावरच्या बुद्धविहारापासून मशिदीपर्यंत सगळ्यांच्या वाळत्या कपड्यांवर सारखाच बसायचा. फाल्गुनात त्यात मोहाचा वास मिसळायचा. कुठून तरी बाया टेंभरं, चारं असली रानफळं घेऊन यायच्या, पानाच्या द्रोणात. दुपारी खाली सुरुंग उडायचे तेव्हा फळीवरची भांडी किणकिणायची आणि आम्ही पोरं ताटावर हात ठेवून बसायचो. पाहुणे घाबरून उठायचे. आम्ही म्हणायचो, "बसा ना बाप्पा, रोजचंच हाय."

त्या फळ्या, त्या शेगड्या, ती विहाराची पायरी, काहीएक राहिलं नाही. आमच्या घराच्या जागी मातीची भांडी शिकवायचा स्टुडिओ आहे. शेजारी गोंदणाचं दुकान. त्याला आता टॅटू म्हणतात. संध्याकाळी झाडांवर दिव्यांच्या माळा पेटतात आणि झाडीपट्टीच्या नावाखाली वीस मिनिटांचा नाच दाखवतात. मला ही लाइन पडून कुजायला हवी होती असं नाही. पण राहत्या लोकांना "धोकादायक बांधकाम" म्हणून काढायचं आणि तेच बांधकाम पाव्हण्यांना दाखवायचं, ह्याला काय म्हणतात ते मला एसटीच्या भाषेत चांगलं येतं. इथं लिहीत नाही.

पण मी बिल्ल्याचं सांगत होते.

बत्तीघरात एक मोठी लाकडी फळी होती, भिंतभर. तिच्यावर ओळीनं खिळे, खिळ्याखाली पांढऱ्या रंगात नंबर. माणूस खाली जाताना खिडकीत आपला बिल्ला द्यायचा, बाप तो त्याच्या नंबरच्या खिळ्यावर टांगायचा आणि बत्ती द्यायचा. वर आला की बत्ती परत, बिल्ला परत. बस्स. एवढाच हिशेब. मी खिडकीच्या आतल्या कट्ट्यावर बसून शाळेचा अभ्यास करायची आणि बाप मला पाठ असलेलंच पुन्हा सांगायचा.

"बिल्ला खिळ्यावर हाय म्हंजे माणूस खाली हाय. बिल्ला गेला म्हंजे माणूस घरी गेला. मधातलं काई नसते, समजलं का पोट्टे?"

लाइनीतल्या बायांना अक्षरओळख नव्हती, पण प्रत्येकीला आपल्या माणसाचा खिळा ठाऊक होता. तिसरी ओळ, डावीकडून पाचवा. चारचा भोंगा झाला की भाजीला जाता जाता एकेक जण खिडकीतून मान घालून जायची. खिळा रिकामा दिसला की मग कांदे-वांगे.

एकदा किसनभाऊनं घोटाळा केला. त्याला वडस्याला नाटक पाहायचं होतं, झाडीपट्टीतलं, अन् गाडी सुटायला आलेली. तो वर आला तो सरळ चांदा फोर्टच्या स्टेशनाकडे पळाला, कमरेला बॅटरी, डोक्यावर बत्ती, बिल्ला खिळ्यावर तसाच. चारचे पाच झाले, सहा झाले. बापानं आवाज दिला, "किसन कुठी हाय?" कोणी पाहिला नव्हता. थकून वर आलेली तीन माणसं उलट्या पावली खाली शोधायला गेली. किसनभाऊची बायको बत्तीघराच्या पायरीवर बसून रडत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी हा पठ्ठ्या गाणं गुणगुणत, शेंगदाणे खात, बत्तीसकट हजर! माझ्या बापानं कधी मुंगी मारली नव्हती. त्यानं भर लाइनीत किसनभाऊच्या कानाखाली आवाज काढला.

"नाटक पाह्यला गेलता! इथी बायको तुह्या नावानं छाती बडवून राह्यली, अन् तू नाटक पाहून राह्यला!"

मग त्यालाच मिठी मारून बाप रडला. किसनभाऊ पुढं कितीतरी दिवस सांगायचा की त्या मारापेक्षा ती मिठी जास्त लागली. लाइन हसायची. पण त्यानंतर बिल्ला विसरायची हिंमत कोणाची झाली नाही.

हमीदचाचा आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे. खाली छताला लाकडाचे टेकू लावायचं त्यांचं काम. त्यांच्या अंगाला सालईच्या लाकडाचा वास यायचा, गोडसर. घरी येताना पिशवीत तुकडे आणायचे. मोठे चाचीच्या चुलीला, लहान आम्हा पोरांना. त्यांनी मला भोवरा करून दिला होता. पोरीच्या हाती भोवरा कायले, असं माय म्हणाली तेव्हा ते म्हणाले, "फिरू दे ना बाई, पोरगी हाय म्हणून काय एका जागी बसन?" चौदा एप्रिलच्या निळ्या झेंड्याची काठी दरवर्षी तेच तासून द्यायचे, हात फिरवून पाहायचे, कुठं कुसळ तर नाही ना राहिलं. ईदेला शिरखुर्म्याची पहिली वाटी आमच्या घरी यायची आणि त्यात खारका जरा जास्तच असायच्या, कारण माझ्या बापाला आवडायच्या.

मी सातवीत होते. हिवाळा होता. चारचा भोंगा झाला, माणसं वर आली, खिळे रिकामे होत गेले. मी भूगोलाचा नकाशा रंगवत होते. बाप थांबलेला दिसला म्हणून मी वर पाहिलं. सगळ्या फळीवर एकच बिल्ला होता.

काय झालं, कसं झालं, कोणाची चूक, हे मला तेव्हा कोणी सांगितलं नाही आणि नंतर मी विचारलं नाही. चाची खिडकीशी येऊन उभी राहिली एवढं आठवतं. हिरव्या बांगड्या, डोक्यावर ओढणी, हातात भाजीची रिकामी पिशवी. चार दिवस माणसं शोधायला खाली जात-येत होती. पाचव्या दिवशी वरून आदेश आला आणि खाली ज्या बोगद्यात चाचा कामाला गेले होते त्याच्या तोंडाशी विटांची भिंत बांधली. हमीदचाचा भिंतीच्या पलीकडे राहिले.

त्या संध्याकाळी बापानं पक्कड घेतली आणि दोनशे सतराचा खिळा वर वाकवून बिल्ल्यावर बसवला. कोणाचा चुकून हात लागू नये म्हणून. पुढं कोणी साहेब म्हणाले, नवीन माणूस आला आहे, तो नंबर त्याला द्या. बाप म्हणाला, "साहेब, ह्या खिळ्यावर माणूस हाय."

चाचीच्या नात्यातली मोठी माणसं आली, म्हणाली आता इद्दतीला बस, विधवेनं बसायचं असतं. चाची बसली नाही. बांगड्या फोडल्या नाहीत. ती एवढंच म्हणाली, "बिल्ला खिळ्यावर हाय ना?" माझा बापच तर साऱ्या लाइनीला शिकवत आला होता, की मधातलं काही नसते.

मग ती रोज चारच्या भोंग्याला यायची. खिडकीशी उभी राहायची. बाप तिला नीट दिसावं म्हणून थोडा बाजूला सरकायचा. ती पाहायची आणि भाजीला जायची. ऊन असो, पाऊस असो, महाकालीच्या जत्रेची गर्दी असो. मी शाळा संपवली, कॉलेज केलं, एसटीत लागले, चाची येतच होती. पुढं खदान बंद झाली, बत्तीघराला कुलूप लागलं, बाप वारला. तरी चाची खिडकीच्या जाळीतून पाहून यायची. मग तारेचं कुंपण पडलं आणि तिचे गुडघेही गेले. लेक तिला गावातच बाबूपेठेत आपल्या घरी घेऊन गेली.

आणि आता माझं पाप ऐका. दर ईदेला मी चाचीकडे जाते. दर वेळी ती विचारते, "हाय का वं बेटी?" आणि मी म्हणते, "हाय ना चाची, खिळ्यावरच हाय." एकदाही जाऊन पाहिलं नव्हतं मी. एकदाही नाही. ड्युटी, लेकरं, परलकोटा नदीला पूर, पुलावर पाणी, काहीतरी असायचंच. भामरागडचा शेवटचा माणूस चढल्याशिवाय मी गाडीची बेल मारत नाही, आणि बापाच्या फळीवरच्या शेवटच्या माणसाकडे मी वळून पाहिलं नव्हतं.

म्हणून त्या टेबलावर मला जो राग आला तो नुसता त्या बाटल्यांचा नव्हता.

मी उठले. काउंटरमागं ती फळी होती, पॉलिश मारलेली, चकचकीत. सगळे खिळे सरळ केलेले. दोनशे सतराचासुद्धा. मी विचारलं, "हा खिळा वाकवलेला होता. कोणी सरळ केला?"

"मॅम, रिस्टोरेशनच्या वेळी कारागिरांनी केला असेल," पोरगी म्हणाली. मॅनेजर होती ती, नागपूरची, वागायला गोड. "खूप छान कन्सेप्ट आहे ना? लोकांना आवडतो."

"रोज काढता हा?"

"हो, नंबर आला की."

रोज! रोज ते हमीदचाचांना वर काढत होते आणि परत खाली पाठवत होते. कोणाच्या पिझ्झ्यासाठी. कोणाच्या कॉफीसाठी. आज माझ्या कॉफीसाठी!

"हा माणूस हाय!" मी ओरडले. आवाज आला तो शेवटच्या सीटपर्यंतचा. गिटार वाजवणारा थांबला. गालाला काळं लावलेल्या दोघी वळून पाहू लागल्या. "नंबर नाई हा! माणूस हाय! तुमाले लाज नाई वाटत?" पोरीचं तोंड उतरलं. तिला काय ठाऊक असणार, हे मला तेव्हाही कळत होतं, पण रागाला कुठं कळतं? बिल्ला मुठीत आवळला आणि मी बाहेर पडले. भाची मागं "आत्या, आत्या" करत होती. रिक्षा केली आणि थेट बाबूपेठ.

रिक्षात मला फार मोठं काम केल्यासारखं वाटत होतं. सोडवून आणलं मी त्यांना, दारुड्यांच्या मधून. चाचीच्या हाती देईन. इतक्या वर्षांत त्यांचं एवढं तरी घरी येईल.

चाची खाटेवर बसून लसूण सोलत होती. बांगड्या हिरव्याच. मी तिच्या तळहातावर बिल्ला ठेवला. तिनं बोटानं आकडे चाचपले, साताच्या दुहेरी शेपटीवर बोट थांबलं. मला वाटलं आता रडेल.

तिनं दाराकडे पाहिलं. माझ्यामागं.

"आले का थे?"

मला काही कळेना. "कोण, चाची?"

"बिल्ला आला म्हंजे माणूस आला ना वं? तुह्याच बापानं सांगतलं. मंग कुठी हाय?"

काय केलं होतं मी! कारागिरांनी नकळत खिळा सरळ केला, त्या पोरीनं नकळत बिल्ला काढला. मला सगळं ठाऊक होतं, आणि मी काढला. बत्तीवाल्याच्या पोरीनं.

मी तिला सगळं सांगितलं. बाटल्या, पिझ्झा, गालावरचं काळं. दर ईदेला बोललेलं खोटंसुद्धा. मग तिनं बिल्ला माझ्याकडे फेकला, सरळ छातीवर.

"दारू ठेवो नाई तर राख ठेवो, मले त्याचं काई नाई! तू कायले काढला? खाली माणूस असताना बिल्ला काढतेत का? तुले कोणी हक देल्ला? जा, टांगून ये. मले बी ने."

रात्रभर मी बापाची पेटी उचकली. पक्कड सापडली, मुठीला गुंडाळलेली चिंधी तशीच.

दुसऱ्या दिवशी दुपारी चाचीला रिक्षात घातलं. चारला पोचलो. भोंगा नव्हता, पण चाचीला वेळ ठाऊक होती. बत्तीघर अजून भरलं नव्हतं, एक माणूस टेबलं पुसत होता. मॅनेजर पोरगी मला पाहून दचकली. चाचीचा हात धरून मी सरळ काउंटरमागं गेले. कोणी अडवलं नाही. तिथं लिंबाचा आणि दारूचा वास होता. अॅसिडचा नव्हता, मी हुंगून पाहिलं.

चाचीनं आजवर ती फळी खिडकीतूनच पाहिली होती. आत येऊन, इतक्या जवळून, पहिल्यांदा. तिला नंबर शोधावा लागला नाही. तिनं बोट ठेवलं, "इथी."

मी बिल्ला टांगला. पक्कडीनं खिळा धरला आणि वर वाकवायला लागले. जुना खिळा, हट्टी. दोन्ही हात लावावे लागले. ज्या माणसानं मला भोवरा करून दिला त्याला मी माझ्या हातानं पुन्हा खाली पाठवत होते, बाटल्यांच्या शेजारी, गिटारच्या खाली, आणि दात-ओठ खाऊन खिळा दाबत होते. राग कमी झाला नव्हता. आजही झालेला नाही. खिळा बिल्ल्यावर बसला तेव्हा मी बापासारखीच थोडी बाजूला सरकले.

चाची पाहत उभी राहिली. जेवढा वेळ खिडकीशी राहायची तेवढाच.

मॅनेजर पोरगी जवळ आली. तिनं वाकलेल्या खिळ्याकडे पाहिलं, मग चाचीच्या बांगड्यांकडे. हळू विचारलं, "आजी, कोणी विचारलं, हा नंबर का देत नाही, तर काय सांगू?"

चाचीनं डोक्यावरची ओढणी नीट केली.

"सांगजो, त्यायची शिफ्ट अजून सुटली नाई," ती म्हणाली, आणि मला म्हणाली, "चल, भाजी घ्याची हाय."